शेरी, बिस्किटं आणि एकादशी

दीनबंधू मित्रांच्या ‘सधवार एकादशी’ या नाटकाचं भाषांतर मी गेली तीन वर्षं करते आहे आणि अजून नावाशीच अडले आहे. शब्द अवघड नाहीत. ‘सधवार’ म्हणजे सधवेची, आणि एकादशी ती एकादशीच. पण मराठी वाचकापुढे ‘सधवेची एकादशी’ असं ठेवलं, तर तो म्हणणार, बरं, मग? आपल्याकडे आषाढी-कार्तिकीला घरातली सगळी माणसं उपास करतात. साबुदाण्याची खिचडी असते, वऱ्याचे तांदूळ असतात, दाण्याची आमटी असते, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे वर ऐकायचं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या उच्चवर्णीय बंगाली घरात एकादशी हा विधवेच्या वाट्याचा जाच होता. दिवसभर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. जिचा नवरा जिवंत आहे तिनं ती करायची नसते. म्हणजे सगळं नाटक त्या नावातच आहे: भांगात सिंदूर आहे, हातात शंखाच्या बांगड्या आहेत आणि जगणं विधवेचं आहे, कारण नवरा पितो.

हे नाटक १८६६चं. अटल हा श्रीमंताचा मुलगा, कुमुदिनी त्याची बायको, आणि निमचांद हा त्याचा दोस्त. नाटक खाऊन टाकतो तो निमचांद. इंग्रजी शिकलेला, बुद्धीनं तल्लख, आणि दारू चढली की शेक्सपिअर नि मिल्टन तोंडातून धबधब्यासारखे कोसळतात. लोकांना त्याच्यात मायकेल मधुसूदन दत्त दिसले. दीनबंधूंना कुणी तसं विचारलंही म्हणे, आणि ‘मधू’चा कधी ‘नीम’ होतो का, असं म्हणून त्यांनी तो प्रश्न उडवून लावला, अशी गोष्ट सांगतात. बंगाली वाचकांना ही गोष्ट नवी नाही. मराठीत ती सांगताना मला एक वाक्य जास्त लागतं, इतकंच.

भाषांतर करताना दुसरी अडचण क्रियापदाची. बंगालीत दारू पीत नाहीत, खातात. पाणी, चहा, सिगरेट, दारू, सगळ्यांना एकच ‘खाओया’ पुरतं. मराठीत मात्र हे क्रियापद पिढीगणिक बदलत गेलेलं मी आमच्याच घरात ऐकलं आहे. आजोबा म्हणत, ‘तो पितो.’ काय पितो हे सांगावं लागत नसे, आणि ज्याच्याबद्दल हे दोन शब्द उच्चारले जात त्याच्या घरी मुलगी देत नसत. वडिलांच्या तोंडी ‘घेतो’ आलं. ‘आपण घेता का?’ असं पाहुण्याला अदबीनं विचारता येऊ लागलं, औषध घेता का म्हणून विचारावं तसं. आमच्या कॉलेजच्या वेळी ‘आज बसायचं का?’ एवढंच. त्यात बाटलीचा उल्लेखच नाही.

विद्यार्थ्यांच्या पिण्याचा इतिहास मी या क्रियापदांपासून सुरू केला असता, पण त्याआधी कलकत्त्याला जाणं भाग आहे. कॉलेजातला विद्यार्थी आणि दारू ही जोडी तिथे जितक्या गाजावाजानं जमली तितकी देशात दुसरीकडे क्वचितच जमली असेल. शिवाय ती जमवणाऱ्यांनी पुढे आपणहून सगळं लिहून ठेवलं.

हिंदू कॉलेज १८१७मध्ये निघालं. १८२६मध्ये तिथे हेन्री डिरोझिओ शिकवायला आला, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. १८३१मध्ये त्याला राजीनामा द्यायला लावलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो पटकीनं गेला, बावीस वर्षांचा असताना. एवढ्या अवधीत त्यानं जी मुलं घडवली त्यांना पुढे ‘यंग बेंगॉल’ म्हणू लागले. जे मानायचं ते तपासून मानायचं, हा त्याचा धडा. पण विशीतल्या मुलांनी तो ताटावर आणि पेल्यावर लगेच चालवून पाहिला. गोमांस खायचं, दारू प्यायची, आणि दोन्ही कुणाला तरी दिसेल अशा बेतानं. १८३१च्या ऑगस्टमध्ये कृष्णमोहन बॅनर्जी घरी नसताना त्यांच्या मित्रांनी त्यांच्या घरी गोमांस खाल्लं आणि हाडं शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात टाकली. घर सोडावं लागलं ते कृष्णमोहनना.

यानंतरच्या पिढीतले राजनारायण बसू. जन्म १८२६चा, म्हणजे डिरोझिओ कॉलेजात आला त्या वर्षीचा. हे अरविंद घोषांचे आजोबा, आईचे वडील. त्यांचं ‘आत्मचरित’ मी एम.ए.ला असताना पहिल्यांदा वाचलं, आणि आपल्याकडे असं कुणी लिहिलेलं नाही याचा हेवा वाटला. कॉलेजसमोरच्या गोलदिघीच्या तळ्याकाठी बसून ते आणि त्यांचे सोबती दारू पीत. पुढे जिथे सेनेट हाउस उभं राहिलं तिथे तेव्हा शीककबाबाची दुकानं होती. फाटकातून वळसा घालून जाण्याइतका धीर नसे, म्हणून कठड्यावरून उड्या मारून कबाब आणायचे. ब्रँडीला पाणी लावायचं नाही. आणि हे सगळं करताना आपण सभ्यतेचं नि समाजसुधारणेचं शिखर गाठतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे ते म्हातारपणी, स्वतःची थट्टा करत, पण काही न लपवता लिहितात.

एकदा रात्री ते झिंगून घरी आले. आई भयंकर चिडली. आता या कलकत्त्याच्या बिऱ्हाडात राहायचं नाही, बोडालला गावी निघून जाते, असं म्हणाली. त्या पुस्तकातल्या पिण्याच्या गोष्टीत आईला एवढंच वाक्य आहे. वडील नंदकिशोर बसू राममोहन रॉय यांचे अनुयायी. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुलाला बोलावलं, दार लावलं, शेरीची बाटली नि पेला काढला, पुलाव-कोफ्ते मागवले, आणि सांगितलं, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर उत्तम जेवायचं, दोन पेले घ्यायचे, त्याहून जास्त नाही. बाहेर प्यायलास असं कानावर आलं तर हेही बंद.

हा प्रसंग मी किती जणांना वाचून दाखवला असेल! प्रत्येकाला ते वडील आवडतात. मलाही आवडत. १८४०च्या दशकात असा बाप असणं म्हणजे काय, अशी आमची वर्गात चर्चा व्हायची. पुढचं पान मात्र घाईघाईनं वाचलं जातं. मुलगा घरी दोन पेले घेत राहिला आणि बाहेरही पीत राहिला, इतका, की १८४४च्या सुमारास आजारी पडून त्याला कॉलेज सोडावं लागलं.

त्यानंतर दोन वर्षांनी राजनारायण ब्राह्मसमाजात गेले. प्रतिज्ञेच्या दिवशी शेरी आणि बिस्किटं मागवली होती. जातपात मानत नाही हे दाखवायचं होतं, आणि त्यासाठी साहेबाच्या बेकरीतलं बिस्किट नि साहेबाच्या गलबतातून आलेली शेरी याहून सोयीचं काय असणार? पुढे मेदिनीपूरच्या शाळेत मुख्याध्यापक झाल्यावर याच माणसानं ‘सुरापान-निवारणी सभा’ काढली. कलकत्त्यात प्यारीचरण सरकार हे प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे गृहस्थ. त्यांच्या इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकावर बंगालच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. १८६०च्या दशकात त्यांनीही मद्यपानविरोधी सभा चालवली. म्हणजे एकाच पिढीच्या अंतरात त्याच कॉलेजच्या आवारातून पेलाही निघाला आणि त्याच्याविरुद्धची सभाही.

मला खरं सांगायचं आहे ते राजनारायणांच्या दुसऱ्या पुस्तकाबद्दल. १८७४ साली त्यांचं ‘सेकाल आर एकाल’ छापून आलं. ‘तो काळ आणि हा काळ’. त्यात ते आपल्या तरुणपणाची नंतरच्या तरुणांशी तुलना करतात आणि हल्ली दारूचं व्यसन वाढत चाललं आहे, बाहेरख्यालीपणाही वाढतो आहे, म्हणून हळहळतात. ‘आत्मचरित’मध्ये त्यांनी आपल्या आधीच्या पिढीचाही हिशेब मांडला आहे: ते लोक दारू पीत नसत, पण गांजा-चरस ओढत, बुलबुलांच्या झुंजी लावत, पैजा लावून पतंग उडवत, वेश्यांकडे जात, आम्ही कॉलेजातली मुलं यातलं काही करत नव्हतो, फक्त पीत होतो, आणि पिणं हे सभ्यतेचं चिन्ह मानून पीत होतो. आधीचे वाया गेलेले, नंतरचे बिघडलेले, मधले आपण तेवढे काहीतरी मानून पिणारे. आपल्या पिण्याला कारण होतं, इतरांच्या पिण्याला नुसती चटक. विद्यार्थ्यांच्या पिण्यात पिढ्यापिढ्यांत काय बदललं, हा प्रश्न मी जेव्हाजेव्हा कुणाला विचारला तेव्हातेव्हा मला हेच उत्तर मिळालं आहे, फक्त कारण वेगळं.

त्या काळात हे कारण फोल आहे असं ओळखलं ते नाटककारांनी. मधुसूदन स्वतः हिंदू कॉलेजचे, स्वतः भरपूर पिणारे. पण १८६०च्या ‘एकेई कि बले सभ्यता?’ या प्रहसनात त्यांनी आपल्याच कळपाची खिल्ली उडवली. ‘यालाच का सभ्यता म्हणतात?’ हा त्या नावाचा अर्थ. त्यातली तरुण मंडळी घरी सांगतात ‘ज्ञानतरंगिणी सभे’ला जातो, आणि सभेत तरंग असतात ते बाटलीतले. १८७३मध्ये मधुसूदन गेले, वयाच्या पन्नाशीच्या आत, कर्जात बुडालेले, इस्पितळात. खिल्ली उडवता येणं म्हणजे सुटणं नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

मराठी वाचकाला ‘ज्ञानतरंगिणी सभा’ म्हटलं की लगेच गडकऱ्यांचं ‘आर्यमदिरामंडळ’ आठवेल. ‘एकच प्याला’ १९१९मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा गडकरी हयात नव्हते. दोन्हीकडे पिणाऱ्यांचं मंडळ आहे आणि त्याला भारदस्त नाव आहे. पण सुधाकर पितो तो शेक्सपिअर वाचून नव्हे. कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि तळीराम जवळ असतो. निमचांदच्या दारूमागे एक आख्खं विलायती ग्रंथालय उभं आहे. सुधाकरच्या दारूमागे दुखावलेला मान आहे, बस्स. मराठी नाटकातला दारुडा कधी सुधारक म्हणून पीत नाही. असं का, यावर मी वर्गात एक निबंध लिहिला होता, तो फारसा बरा नव्हता. आता वाटतं, उत्तर मुंबई-पुण्याच्या बंडखोरांच्या ताटात शोधायला हवं होतं.

१८४९मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा म्हणून सभासद गुपचूप जमत आणि पाव खात. पाव! परजातीच्या हातचा, भट्टीतला. सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि १८६०च्या सुमारास सभा विस्कटली, कारण बहुतेकांच्या घरी हे ठाऊक नव्हतं. पुढे १८९०च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली गेली. रानडे, टिळक, गोखले, पुण्यातली मोठीमोठी नावं हजर होती. कुणी चहा प्यायला, कुणी भिडेखातर नुसता पेला हातात धरला. नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि काहींनी प्रायश्चित्त घेतलं. कलकत्त्यात शेरी नि बिस्किटं, पुण्यात चहा नि बिस्किटं. बिस्किट तेच. पुण्याला जात बुडवायला चहा पुरत होता, तेव्हा दारूपर्यंत जाण्याची गरजच पडली नाही.

दारू शहरात नव्हती असं मात्र नाही. ती विद्यार्थ्यांच्या वस्तीत नव्हती. सरकारला अबकारीचं उत्पन्न हवं होतं, गुत्ते वाढत होते, आणि जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. ज्यांच्या मजुरीतून गुत्ता चालत होता त्यांची घरं त्यांना दिसत होती. गोलदिघीच्या काठावरून ही घरं दिसत नव्हती. ब्रँडी पिणारा विद्यार्थी सुधारक ठरतो आणि मोहाची पिणारा मजूर दारुडा, हे राजनारायणांच्या ध्यानात आल्याचं मला कुठे आढळलं नाही.

पुण्याच्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात दारू आली ती १९०८मध्ये, गुत्त्यांवरच्या पिकेटिंगच्या रूपानं. टिळकांचा पाठिंबा होता. तरुण स्वयंसेवक दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवत, त्यांत विद्यार्थीही होते. सरकारनं पोलीस घातले. जूनमध्ये टिळकांना दुसऱ्या खटल्यात अटक झाली आणि मंडालेची वाट धरावी लागली. पण एक गोष्ट उलटी झाली होती ती झालीच: कलकत्त्याच्या विद्यार्थ्यानं पिऊन बापाला डिवचलं, पुण्याच्या विद्यार्थ्यानं न पिऊन सरकारला डिवचलं. दोघांनाही आपल्याकडे कुणीतरी बघावं असं वाटत होतं.

माझे आजोबा याच परंपरेतले. १९३०च्या सत्याग्रहात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, ते गुत्त्याच्या दारात हात जोडून उभे राहिले होते. साडेतीन महिन्यांची शिक्षा झाली. ही गोष्ट ते आम्हाला सांगत, पण तुरुंगाचा भाग चटकन उरकून दुसऱ्याच एका प्रसंगावर रेंगाळत. कातडी कमावण्याचं काम करणारा एक जण गुत्त्यावर आला. आजोबांनी हात जोडले. तो म्हणाला, ‘मास्तर, एक दिवस माझ्या जागी उभं राहा, त्या वासात, मग सांगा. सोडतो.’ आजोबांना ‘मास्तर’ म्हटलं ते कपड्यांवरून. ते बाजूला झाले आणि तो आत गेला. आपण त्याला का अडवलं नाही, की मुळात का अडवत होतो, हे त्यांना ऐंशी वर्षांचे झाल्यावरही ठरवता आलं नव्हतं. तरी ‘तो पितो’ हे ते त्याच जरबेनं म्हणत.

काँग्रेसच्या पहिल्या मंत्रिमंडळानं १९३९मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आणली. मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे. नावातलं ‘मुंबई’ गेलं, ‘महाराष्ट्र’ आलं, ‘दारूबंदी’ तशीच राहिली, आणि तिच्या आत राज्यभर बार चालतात. वाट काढली ती परवान्यानं. प्रकृतीच्या जपणुकीसाठी अमुक इसमास दारू बाळगण्याची, पिण्याची मुभा आहे, असा कागद. ‘परमिट रूम’ हा शब्द परप्रांतातून आलेल्या मित्रांना मी दरवेळी समजावून सांगते, आणि त्यांचा विश्वास बसत नाही. कायद्यानुसार महाराष्ट्रात पंचवीस वर्षांच्या आत दारूचा परवाना नाही, बिअरला एकवीस. म्हणजे कायदा पाळला तर आपला विद्यार्थी एम.ए. होऊन नोकरीला लागेपर्यंत रमला शिवणार नाही. कायदा असा असला की त्याची भीतीही जाते आणि लाजही.

वडील १९६०च्या दशकाच्या शेवटी पुण्यात कॉलेजात होते. वसतिगृहातून सायकलवर डबलसीट कॅम्पात जायचं, एका घराच्या मागच्या दारानं शिरायचं, स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून ‘नवटाक’ मारायची आणि तोंडात बडीशेप कोंबून परत. घर चालवणाऱ्या बाईला सगळे आंटी म्हणत. त्यांच्या पिढीच्या आठवणीत पिण्याची चव कुठेच नाही. पोलीस, मागचं दार आणि बडीशेप आहे. नोकरी लागल्यावर त्यांनी रीतसर परवाना काढला. तो विम्याच्या कागदांबरोबर कपाटात असे. आजोबा असेपर्यंत घरात बाटली आली नाही. आजोबांना परवाना माहीत होता की नाही, मला सांगता येणार नाही. आई मात्र कपाट आवरताना तो कागद उलटा करून ठेवायची.

मी २००१मध्ये कलकत्त्याला तुलनात्मक साहित्य शिकायला गेले. शहराला कॉफीचं वेड होतं. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसात दुधाशिवायचं ‘इन्फ्यूजन’ समोर ठेवून तासन्‌तास बसायचं, हा तिथला जुना संस्कार. दारूची दंतकथाही तितकीच जुनी होती: ‘कृत्तिबास’चे कवी, शक्ती चट्टोपाध्याय, सुनील गंगोपाध्याय, त्यांचे गुरू म्हणावेत असे कमलकुमार मजुमदार, आणि खालासीटोला हा देशी दारूचा अड्डा. आम्ही तिथे एकदा दर्शनाला जाऊन आलो. बायका तिथे जात नाहीत असं सांगितलं गेलं, म्हणून मुद्दाम गेलो. आमच्या नऊ जणांच्या टोळक्यात आम्ही तिघी मुली. महिन्याच्या सुरुवातीला पार्क स्ट्रीटवरच्या एका जुन्या बारमध्ये, महिनाअखेरीला कुणाच्या तरी गच्चीवर ओल्ड मंक, ज्याला ती मुलं लाडानं ‘बुडो साधू’ म्हणत. मुलीनं बारमध्ये टेबलावर कोपर टेकून बसावं आणि कुणी वळून पाहिलं तर आपणही पाहावं, हे मला सभ्यतेचं नि समाजसुधारणेचं शिखर वाटत होतं. राजनारायणांचं ते पान मी त्याच वर्षी वाचत होते, पण दोन्ही गोष्टी मनात शेजारी आल्या नाहीत.

माझी भाची आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या गटाचं वेगळंच आहे. पबचं बिल फोनवरून सहा ठिकाणी फुटतं, दोघं जिमच्या नादात थेंब घेत नाहीत, एकीला आवडत नाही, आणि कुणी कुणाला आग्रह करत नाही. २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरला मध्यरात्रीनंतर भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि आधी पबमध्ये बसून आला होता. त्यानंतर काही दिवस शहरात दारावर वयाचे दाखले मागितले जात होते. ‘आम्ही तेव्हा घाबरलो होतो,’ ती म्हणाली. ‘पोलिसांना नाही. रस्त्याला.’ मग तिनं विचारलं, ‘मावशी, तुम्ही लोक एवढे का प्यायचात?’

मी म्हटलं, ‘आमच्या पिण्यात निदान कविता होती गं.’

वाक्य तोंडातून गेलं आणि कानावर आलं ते थेट ‘सेकाल आर एकाल’मधून. ती हसली. तिला राजनारायण माहीत नाहीत.

कविता होती हे खोटं नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, त्याची बायको-मुलगी आहेत. जीवनानंद दासांच्या कविता त्याला शंभर-सव्वाशे तरी पाठ असतील, आणि दोन पेल्यांनंतर ‘मॅकबेथ’ सुरू व्हायचा. ‘सधवार एकादशी’ आम्हाला दुसऱ्या सत्रात होतं. पहिल्याच तासाला आम्ही त्याचं नाव निमचांद ठेवलं. त्यालाही आवडलं. तो प्यायल्याशिवाय म्हणायचा नाही, म्हणून वर्गणी काढताना त्याचा वाटा आम्ही भरायचो. बाटलीतलं शेवटचं त्याला. शिक्षण संपलं, आम्ही पांगलो, पिणं सणासुदीवर आलं. त्याचं आलं नाही. २०१९मध्ये तो गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी, यकृतानं. त्याच्या बायकोला मी दोनदाच भेटले होते. दोन्ही वेळा तिनं आमच्यासाठी मासे तळले होते आणि ती आत होती.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. मुलगी बारा वर्षांची झाली आहे, शाळेत आवृत्तीच्या स्पर्धेत उतरते, बाबाचा आवाज ऐकायचा म्हणते. तुमच्याकडे त्या दिवसांतलं काही आहे का? माझ्याकडे तीन कॅसेटी होत्या. लोककथांच्या प्रकल्पासाठी घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर गच्चीत केलेलं ध्वनिमुद्रण. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणाऱ्या दुकानात बसून मी त्या वीस वर्षांनी ऐकल्या. आवाज स्वच्छ आहे. ‘बनलता सेन’ आहे, ‘मॅकबेथ’ आहे. प्रत्येक कवितेनंतर टाळ्या, हशा, पेल्यांचा आवाज, आणि एक मुलगी मराठी वळणाच्या बंगालीत म्हणते, ‘आरेकटू खा.’ अजून थोडं खा. तिसऱ्या कॅसेटवर तो नको म्हणतो, दोनदा. मुलगी तिसऱ्यांदा म्हणते.

दुकानदारानं विचारलं, मधलं बोलणं कापून फक्त कविता ठेवू का? मी हो म्हटलं. पहिल्या दोन कॅसेटी तशा करून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा निरोप आला: कविता छान आहेत, पण मधे काही कापलंय का? कापू नकोस. त्याचं हसणं असेल त्यात.

तिसरी अजून पाठवलेली नाही.